डोळा असेल तरच कोंब: उरलेल्या भाजीतून पुन्हा काय उगवतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांद्याचं बूड, कोथिंबिरीच्या काड्या, आल्याचा तुकडा आणि गाजराचा शेंडा, चारही वाट्यांत पाणी घालून खिडकीत ठेवले. दोन-तीन आठवड्यांत कांद्याला पात आली आणि मग लोळली, कोथिंबीर सडली, आल्यावर बुरशी चढली, गाजराला नुसता पाला फुटला. चुकलं काय, आणि घरच्या उरलेल्या भाजीतून खरोखर काय मिळवता येतं?

या चार वस्तू म्हणजे झाडाचे चार वेगळे अवयव आहेत आणि चौघांना एकच उपाय केला गेला, चूक तिथे आहे. कांदा म्हणजे अन्न साठवलेल्या पानांचा गड्डा, खाली चपटी चकती आणि चकतीच्या मधोमध कोंब. आलं हे जमिनीखालचं खोड, त्यावर डोळे (नवा कोंब फुटण्याची ठिकाणं) असतात. कोथिंबिरीची काडी हा बहुतेक वेळा पानाचा देठ असतो, त्याला डोळाच नाही. गाजर हे मूळ, त्याच्या डोक्यावर पानांचा कोंब. म्हणून काहीही लावण्याआधी हातातला तुकडा उलटसुलट करून बघा: डोळा, कोंब किंवा पेर कुठे आहे? सापडलं तर पुढचं काम आहे. नाही सापडलं तर तो तुकडा कंपोस्टच्या डब्यात टाका.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्यात फुटलेली पहिली पालवी तुकड्यात आधीपासून साठलेल्या अन्नावर येते. नळाच्या पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश ही झाडाची मुख्य अन्नद्रव्यं नगण्य असतात. साठा संपला की पात पातळ होते, पिवळी पडते, लोळते. तुमच्या कांद्याचं तेच झालं. पाणी हे मुळं सुटेपर्यंतचं ठिकाण आहे. मुळं २ ते ३ सेंटिमीटरची झाली की रोप मातीत गेलं पाहिजे. महिनाभर पाण्यात वाढलेली लांब पांढरी मुळं मातीत नीट काम करत नाहीत आणि रोप पुन्हा मुळापासून सुरुवात करतं, म्हणून उशीर करण्यात फायदा नाही.

पाण्यात ठेवायचंच तेव्हा फक्त बूड भिजेल इतकं, साधारण १ सेंटिमीटर पाणी पुरे. एकही पान पाण्याखाली नको, पान आधी कुजतं आणि त्याच्या मागोमाग खोड. पाणी रोज बदला आणि त्याच वेळी वाटीला आतून लागलेला बुळबुळीत थर बोटाने घासून काढा. जागा उजेडाची हवी, पण दुपारच्या उन्हाची नको. काचेच्या ग्लासातलं पाणी उन्हात तापतं आणि मुळं शिजतात. पाणी बदलण्याचं आणखी एक कारण फार गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जून ते नोव्हेंबर या काळात पाण्याची वाटी किंवा कुंडीखालची ताटली दोन दिवसांपेक्षा जास्त तशीच राहता कामा नये.

आता एकेक.

सगळ्यात खात्रीचा पुदिना. जुडीतून ताज्या, हिरव्या, फुलं न आलेल्या काड्या निवडा. फ्रीजमध्ये राहून काळवंडलेल्या काड्या घेऊ नका. काडी १० ते १२ सेंटिमीटर ठेवून खालचा काप पेराच्या लगेच खाली, धारदार सुरीने घ्या. मुळं पेरातून सुटतात, दोन पेरांमधल्या कांडीतून सहसा नाही. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका, शेंड्याकडची चार-सहा पानं राहू द्या. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. जुडीच्या तळाशी अनेकदा मुळं फुटलेले जाडसर धावते दांडे सापडतात, ते पाण्यात न घालता थेट मातीत आडवे दाबा, आठवडा वाचतो. कुंडी खोल नको, पसरट हवी: ३० सेंटिमीटर रुंद, २० खोल, त्यात पाच-सहा काड्या. तोडताना शेंडा दुसऱ्या पेराच्या वर कापा, प्रत्येक काप दोन फुटवे देतो. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा आहे. सगळा पुदिना मातीलगत छाटून ती छाटणी घराबाहेर टाका, नवीन फूट बहुधा स्वच्छ येते. वर्षभरात कुंडीचा मधला भाग रिकामा पडतो आणि झाड कडेला पळतं, तेव्हा उपटून, कडेचे तुकडे घेऊन पुन्हा लावायचं. मार्च ते मे दुपारची सावली दिली नाही तर विदर्भ-मराठवाड्यात पुदिना टिकत नाही.

मायाळूची जाड वेल याच रीतीने लागते, आणि पुदिन्यापेक्षाही लवकर. दोन पेरं मातीत, दोन वर. गवती चहाची जुडी घेताना मात्र बूड बघा. बाजारात बहुतेक वेळा नुसती पानं बांधून विकतात आणि त्यांना जन्मात मुळं येणार नाहीत. पांढरट, किंचित फुगीर बुडाची काडी असेल तर १५ सेंटिमीटरवर पानं छाटून पाण्यात ठेवा, दोन आठवड्यांत मुळं सुटतात. कढीपत्त्याच्या डहाळीबद्दल हमखास विचारणा होते. आपण जी डहाळी म्हणतो ते एक संयुक्त पान आहे, त्याला डोळा नाही. कढीपत्ता ताज्या पिकलेल्या काळ्या फळाच्या बीपासून किंवा मोठ्या झाडाच्या मुळातून निघालेल्या फुटव्यापासून करावा.

कांद्याकडे परत. पातीचा कांदा असेल तर मुळांसकट पांढरा भाग ४-५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि थेट कुंडीत लावा, पाण्याची गरजच नाही. सुक्या कांद्याचं बूड लावायचं तर चिरताना मुळाकडून २ ते ३ सेंटिमीटर जाड काप ठेवा. चकतीलगत पातळ काप घेतला तर मधला कोंबच कापला जातो. काप तासभर सावलीत सुकू द्या, मुळांची बाजू खाली करून ठेवा, वर जेमतेम १ सेंटिमीटर माती. १५ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये ८-८ सेंटिमीटरवर दहा-बारा बुडं लावली तर चौघांच्या घराला वरून घालण्यापुरती पात आलटून पालटून मिळते. पात कापताना मातीपासून ३ सेंटिमीटर सोडून कापा. दर तीन आठवड्यांनी एक मूठ गांडूळखत.

या बुडातून नवा गोल कांदा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. कांदा पहिल्या हंगामात गड्डा करतो आणि दुसऱ्या हंगामात फुलावर जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला जुना कांदा थंडीनंतर डेंगळे (फुलांचे दांडे) काढतो, बीजोत्पादन करणारे शेतकरी नेमकं हेच करतात. पात हवी असेल तर डेंगळा दिसताच खुडा. बी हवं असेल तर राहू द्या. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. ५ मिली निंबोळी तेल, १-२ मिली द्रव साबण, १ लिटर कोमट पाणी, संध्याकाळी फवारा, सहा-सात दिवसांनी पुन्हा. एखादा कांदा काही केल्या कोंब काढत नाही, तर त्याचंही कारण असू शकतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या कृषक केंद्रात २००२ पासून कांद्यावर विकिरण प्रक्रिया होते, ती कोंब थांबवण्यासाठीच. असा कांदा खायला निर्धोक आहे, लावायला निरुपयोगी.

लसणाची पाकळी टोक वर करून ३-४ सेंटिमीटर खोल लावली की दहा दिवसांत पात येते, वर्षात कधीही. गड्डा हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावा, सगळ्यात जाड बाहेरच्या पाकळ्या निवडा, दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि साडेचार महिने धरून चला. गड्ड्याला थंडी लागते. नाशिक-पुणे पट्ट्यात होतो, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत लसणाच्या पातीवरच समाधान मानावं, तिची चटणी उत्तम होते. पेरणी मोठी करायची असेल तर किराणा दुकानातल्या लसणापेक्षा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार किंवा भीमा पर्पल या वाणांचं बेणं (लागवडीसाठी राखलेले गड्डे) शोधणं श्रेयस्कर.

आता आलं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात जास्त फळ देणारंही हेच आहे. आलं पाण्यात ठेवायचंच नाही. ते साठवणीचं खोड आहे, त्याला हवा लागते. वाटीत अर्धं बुडालेलं आलं कुजणार हे ठरलेलं. दुसरं, ऋतू. नव्या पिकाचं आलं डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतं आणि त्यानंतर दोन-तीन महिने ते झोपेत असतं. जानेवारीत लावलेला तुकडा उगवत नाही, नुसता मातीत पडून राहतो, आणि आपण कोंब दिसत नाही म्हणून पाणी वाढवत जातो. एप्रिलअखेर ते मे, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, स्वयंपाकघरातल्या परडीतच आल्याला डोळे फुगून पिवळसर टोकं दिसू लागतात. तीच लागवडीची खूण.

बेणं निवडताना मातकट, घट्ट, साल शाबूत असलेलं घ्या. मशीनने घासून धुतलेल्या चकचकीत आल्याची साल जागोजागी सोललेली असते, त्यातून बुरशी शिरते. ३० ते ४० ग्रॅमचे तुकडे करा, प्रत्येकावर निदान दोन डोळे. काप दोन दिवस सावलीत सुकू द्या, त्यावर कोरडी खपली धरली पाहिजे. मग ओलसर (पिळलं तर थेंब न पडणाऱ्या) कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये दोन-तीन आठवडे झाकून ठेवा. कोंब २ सेंटिमीटर झालेलेच तुकडे पुढे न्यायचे, बाकीचे टाकायचे. मातीत थेट लावण्यापेक्षा या पद्धतीत कुंड्या रिकाम्या राहत नाहीत.

कुंडी किंवा पिशवी ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल, तळाला पाच-सहा मोठी भोकं. आलं खाली न जाता आडवं पसरतं, म्हणून रुंदी महत्त्वाची. एका पिशवीत दोन तुकडे, डोळे वर, ४-५ सेंटिमीटर खोल. वर वाळक्या पानांचं आच्छादन. सकाळचं तीन-चार तास ऊन पुरतं, त्यामुळे पूर्वेकडची बाल्कनी असलेल्या घरांसाठी हे पीक अगदी योग्य आहे. दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी गांडूळखत मिसळलेल्या मातीची ३-४ सेंटिमीटर भर लावा, उघडा पडलेला कंद हिरवा आणि राठ होतो.

खरा धोका जुलै-ऑगस्टमध्ये. खालची पानं कडेने पिवळी पडत वर चढतात, खोडाचं बूड मऊ पाणचट होतं आणि हलकं ओढलं तरी खोड हातात येतं. ही कंदकूज. कारण बहुतेक वेळा एकच: माती पाणी धरून ठेवते आणि त्यात पिथियम बुरशी वाढते. लागण झालेली पिशवी वाचत नाही. ती मातीसकट बाजूला काढा, ती माती पुन्हा आले-हळदीला वापरू नका. प्रतिबंध आधी करायचा असतो: लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळणं, पिशव्या विटांवर उचलून ठेवणं, संततधार असेल तेव्हा पागोळ्यांखालून हलवणं. पाने डिसेंबरनंतर आपणहून पिवळी पडून वाळतात, तो मात्र रोग नाही, ती काढणीची सूचना आहे. एका निरोगी तुकड्यातून त्याच्या वजनाच्या पाच ते दहापट आलं निघतं. कोवळं आलं हवं असेल तर ऑक्टोबरात कडेची माती उकरून एखादं बोट मोडून घ्यावं आणि माती परत लावावी, झाडाला काही होत नाही.

हळदीचं सगळं असंच, फक्त बेणं जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येणाऱ्या ओल्या हळदीतून बाजूला काढून कोरड्या वाळूत मे महिन्यापर्यंत जपावं लागतं. वाळलेलं हळकुंड लावून उपयोग नाही, ते शिजवून वाळवलेलं असतं.

बटाट्याला कोंब आले की लावायचा मोह होतो, तो ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पूर्ण करावा. रात्री २० अंशांखाली गेल्या तरच बटाटे नीट धरतात, एरवी हिरवागार पाला आणि खाली गोट्या. ४०-५० ग्रॅमचा तुकडा, दोन डोळे, काप दोन दिवस सुकवलेला. पिशवीच्या तळाला १५ सेंटिमीटर माती, त्यावर बटाटा, वर १० सेंटिमीटर. झाड २० सेंटिमीटर वाढलं की अर्धं बुजेल इतकी भर, असं दोनदा. कारण नवे बटाटे लावलेल्या बटाट्याच्या वरच्या अंगाला लागतात. ९० दिवसांनी पाला पिवळा पडला की पाणी थांबवून दहा दिवसांनी काढा. २० लिटरच्या पिशवीतून अर्धा ते एक किलो मिळाले तर पीक चांगलं. शीतगृहातल्या बटाट्यावर कोंब रोखणारी फवारणी झालेली असू शकते. दोन आठवडे उजेडात ठेवूनही डोळे हलले नाहीत तर तो सोडून द्या. आणि हिरवा पडलेला बटाटा लावायला चालतो, खायला नाही, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं. बटाट्याचा पालाही भाजीला वापरायचा नाही.

रताळ्याचा पाला मात्र खातात. उपासाचं एक रताळं ओल्या वाळूत अर्धं आडवं पुरून ठेवा, महिनाभरात त्यावर आठ-दहा कोंब येतात. ते २० सेंटिमीटरचे झाले की कापून, तीन पेरं मातीत जातील असे तिरके लावा. नत्राचं खत जास्त झालं तर वेलीच वेली होतात.

अळकुड्या म्हणजे अळूचे कंदच. परडीत कोंब आलेली अळकुडी ५ सेंटिमीटर खोल लावली की झालं. पाणी साठलेलं सोसणारी ही घरगुती भाज्यांमधली जवळपास एकटीच, म्हणून पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू असायचं. आताच्या डिटर्जंटच्या पाण्यावर लावू नका, भाज्या धुतलेलं पाणी द्या. घशाला खवखव कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे होते, तेव्हा चिंच घालून पूर्ण शिजवणं गरजेचं.

गाजर, मुळा, बीट यांच्या शेंड्यांतून पुन्हा गाजर-मुळा-बीट तयार होत नाही. ते मूळ एकदाच भरतं. शेंडा २ सेंटिमीटर ठेवून लावला तर पाला येतो: बीटाचा आणि मुळ्याचा भाजीला, गाजराचा थोडासा सूपात. कोबीच्या बुडातूनही चार पानांपलीकडे काही मिळत नाही, जागा अडवू नये.

कोथिंबिरीसाठी जुडी विसरा, डब्यातले धणे घ्या. एक धणा म्हणजे दोन बिया जोडलेलं फळ आहे, म्हणून लाटण्याने हलके रगडून त्याची दोन शकलं करायची. चुरा नको. रात्रभर भिजवून, निथळून, १ सेंटिमीटर खोल ओळीत पेरा. आठ ते बारा दिवस काही दिसत नाही, धीर धरा आणि माती सुकू देऊ नका. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, कुंडी १५ सेंटिमीटरपेक्षा उथळ चालत नाही आणि रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते रुसतं. ३५-४० दिवसांत कापणी. एप्रिल-मेमध्ये उगवण कमी आणि फुलोरा लवकर, तेव्हा दिवसाआड चिमूटभर धणे सावलीत पेरत राहणं बरं. भाजलेले धणे उगवणार नाहीत, फार जुने कमी उगवतात. मेथी, मोहरी आणि कच्चा (न फोडलेला) राजगिरा याच डब्यांतून कोथिंबिरीपेक्षा सोपे येतात. मेथी तर चौथ्या दिवशी वर येते.

फळभाज्यांच्या बियांबाबत एक कसोटी: आपण ते फळ पिकलेलं खातो की कोवळं? टोमॅटो, लाल भोपळा, लाल सुकी मिरची यांच्या बिया पक्व असतात, लागतात. काकडी, दोडका, भेंडी, वांगं, दुधी आपण कोवळे खातो, बी तयारच झालेलं नसतं. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित असतो, तेव्हा पुढची झाडं एकसारखी नसतील, पण टोमॅटो लागतील. गर पाण्यात दोन दिवस आंबवून, बी चोळून धुवून, कागदावर न सुकवता ताटलीत सुकवा, कागदाला चिकटतं. भोपळ्याच्या बाबतीत एक सावधगिरी कधीच सोडू नका: घरच्या बीपासून आलेलं फळ शिजवण्याआधी कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागलं तर संपूर्ण फळ फेका. दुधी, भोपळा यांतली कडू द्रव्यं शिजवून जात नाहीत आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

फळझाडांचं थोडक्यात. हापूसच्या कोयीतून हापूसच येईल याचा भरवसा नाही, म्हणून तर कोकणात कोय कलमं बांधतात. कागदी लिंबाच्या एका बीत बहुधा अनेक भ्रूण असतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच, त्यामुळे बीपासून लावलेलं लिंबू पटतं. बी मात्र सुकू न देता त्याच दिवशी पेरा. अननसाचा शेंडा पिळून काढा, गर उरला तर सडतो. खालची पानं ३ सेंटिमीटर सोला, तीन दिवस सुकवा, लावा, आणि फळासाठी दोन वर्षं तयारी ठेवा. तुळशीच्या लग्नाला आणलेला ऊस खाऊन संपवण्याऐवजी त्याची दोन डोळ्यांची एक टिपरी आडवी पुरून बघण्यासारखी आहे, त्या वेळी उसाच्या पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या) लागणीचाच मोसम असतो.

माती सगळ्यांना एकच चालेल: दोन भाग लाल पोयटा, एक भाग गांडूळखत किंवा जुनं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, १० लिटरला एक मूठ निंबोळी पेंड. देशावरची काळी माती कुंडीत भरू नका, ओली असताना चिखल आणि सुकली की भेगा. भाजीची ताजी सालंही थेट कुंडीत नकोत, ती कुजताना गरम होतात आणि मुळांजवळचा प्राणवायू खातात. रोप पाण्यातून मातीत गेल्यावर पहिले पाच दिवस सावली, माती ओलसर, खत नाही. सहाव्या दिवशी सकाळचं ऊन दाखवा.